दारापर्यंतचा भाव

जुन्या फर्निचरच्या बाजारात त्याला नावाने कुणी ओळखत नसे. सगळे त्याला पाऊणशेठ म्हणत. तुम्ही शंभर सांगा, तो पंचाहत्तरला सौदा पटवणार. दोनशे सांगा, दीडशेला. एका म्हातारीने हुशारी करून आधीच भाव वाढवून सांगितला, तर त्याने तिची खुर्ची उलटी करून पायाखालची वाळवी दाखवली आणि तिला तिच्या मनातल्या आकड्याच्याही पाऊणावर आणून ठेवलं. जाताना म्हातारी त्याचे आभार मानून गेली. ही गोष्ट बाजारात सगळ्यांना ठाऊक होती, कारण ती सगळ्यांना त्यानेच सांगितली होती.

विद्या तशी साधी. ज्या कपाटासाठी आलो त्याच्याकडे बघायचंच नाही, शेजारच्या मोडक्या टेबलाची चौकशी करायची. गरज दाखवायची नाही, घाई तर मुळीच नाही. भाव अडला की "राहू द्या, दुसरीकडे बघतो" म्हणून उठायचं आणि सावकाश दारापर्यंत जायचं. दारापर्यंत, दाराबाहेर नव्हे. तिथे चप्पल घालायला जरा वेळ लावायचा. हाक येतेच. "अहो, असं काय करता, बसा तरी" अशी हाक आली की समजायचं, माल पाऊणावर आला. ताकाला जाऊन भांडं लपवू नये असं लोक म्हणतात. पाऊणशेठचा सगळा संसार भांडं लपवण्यावरच उभा होता. आपल्या दारातून उठून चाललेल्या गिऱ्हाइकाला मात्र त्याने आजवर कधी हाक मारली नव्हती. जाणारा वळून बघतो, तरी आपण कपाटावरची धूळ पुसत राहायचं. ज्याने आधी तोंड उघडलं तो मेला.

बायकोचं काम याच्या बरोबर उलट. ती औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. तिथे भाव पाकिटावर छापलेला.

"तुझं काम काय, वाचता येणाऱ्या कुणीही करावं," तो चिडवायचा.

"आणि तुमचं काय, वाचता येणाऱ्याला गंडवावं," ती म्हणायची.

दोघांना मिळून एकच मुलगी, सहा वर्षांची. तिला घरात शिट्टी म्हणत. तान्ही असताना श्वास घेताना बारीक शीळ वाजायची म्हणून बापानेच ते नाव ठेवलं होतं. तेव्हा ती गंमत होती. पुढे डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला, श्वासाची नळी जिथे बोटाएवढी हवी तिथे ती काडीएवढी होती. तोवर नाव तोंडात बसलं होतं.

घर त्या आवाजावर चालायचं. शीळ नेहमीची असली की भांडणंसुद्धा नेहमीची व्हायची. शीळ चढली, करवतीसारखी खरखरायला लागली, की बायकोचा भाजी चिरता चिरता हात थांबायचा. आणि शीळ एकदम ऐकू येईनाशी झाली की दोघंही हातातलं टाकून धावायचे. पोरगी शब्द फार जपून वापरायची, कारण एका श्वासात तीनच बसायचे. तिचा आवडता शब्द होता "महाग". छोटा होता आणि बापाजवळ चालायचा. दुकानात बसून ती बाहुली विकायची, पाऊणशेठ किंमत विचारायचा, ती सांगायची, तो "महाग!" म्हणून उठायचा आणि दारापर्यंत जायचा. मग ती हसत, धापा टाकत हाक मारायची, "बाबा! या!"

डॉक्टरांनी एकदा दोघांना बसवून सरळ सांगितलं. "हे ऑपरेशन इथे होत नाही. अरुंद तुकडा चिरायचा, दोन टोकं एकमेकांवर सरकवून शिवायची, आणि हे सगळं नखाएवढ्या जागेत. समुद्रापलीकडे एक हॉस्पिटल आहे, तिथे हेच काम करतात. थंडीच्या आधी करून घ्या. एखादी मोठी सर्दी झाली आणि आतून सूज आली, तर हवेला जागाच उरणार नाही."

कागदपत्रं गेली, थंडीच्या तोंडावरची तारीख मिळाली, खर्चाचा आकडा आला. पाऊणशेठने तो वाचला, घाम पुसला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, "बाहेरच्या गिऱ्हाइकाला वाढवूनच सांगतात."

"अहो, हॉस्पिटल आहे ते," बायको म्हणाली.

"म्हणून काय झालं? फरशी पुसलेली असली म्हणून दुकान नसतं का?"

पैसे जमवायला मात्र त्याने जिवाचं रान केलं. राहतं घर गहाण पडलं. बायकोच्या अंगावर होतं ते उतरलं. कानातले तेवढे तिने ठेवले होते, तेही एक दिवस ती काही न बोलता टेबलावर ठेवून कामावर गेली. औषधांच्या दुकानात गल्ल्याशेजारी शिट्टीचा फोटो चिकटवलेला डबा बसला. या दिवसांत पाऊणशेठला माणसांची नवी प्रतवारी कळली. ज्यांच्याकडे खूप होतं त्यांनी सल्ला दिला. ज्यांच्याकडे बऱ्यापैकी होतं त्यांनी थोडं दिलं आणि चार ठिकाणी सांगितलं. थोरल्या भावाने पैसे दिले, पण देताना इतका उसासा टाकला की त्या उसाशाचंच व्याज जास्त झालं. आणि रोज डोकेदुखीची एकच गोळी सुटी घेणारी एक बाई उरलेली चिल्लर न चुकता डब्यात टाकून जायची, मुलीची चौकशीसुद्धा न करता.

सगळं मिळून हिशेब लागला तेव्हा बरोबर पाऊण आकडा जमला होता.

दुसऱ्या कुणाला यात काही दिसलं नसतं. पाऊणशेठला त्यात दैवाचा हात दिसला. उरलेला पाव आणायचा तर दुकानच विकावं लागणार. मग परत आल्यावर खायचं काय, गहाण सोडवायचं कशाने? आणि दुकान विकायला तरी का लागावं? जगात आजवर अशी वस्तू त्याने पाहिली नव्हती, जी पाऊणात येत नाही.

त्याने मेहुणीला दुकानात बोलावून घेतलं. तिला सगळे धाकटी म्हणत. एका विमान कंपनीच्या ऑफिसात दिवसभर फोनवर परदेशी लोकांशी बोलायची तिची नोकरी, त्यामुळे हॉस्पिटलशी सगळं बोलणं तिच्याच मार्फत चालायचं. बायको तेव्हा कामावर होती. ती वेळ पाऊणशेठने मुद्दाम निवडली होती. धाकटी मागच्या बाजूच्या, विकायला काढलेल्या सोफ्यावर बसली आणि तिकडच्या तारखा सांभाळणाऱ्या बाईला फोन लावला.

"सांग तिला, आकडा फार आहे."

धाकटी बोलली, ऐकलं. "भाऊजी, ती म्हणते आकडा ठरलेला आहे. ऑपरेशन, नंतरचे दिवस, सगळं धरून."

"सगळ्यांचा ठरलेलाच असतो आधी. सांग, आम्ही आणखी दोन ठिकाणी विचारलंय."

"विचारलंय?"

"तू सांग गं."

धाकटीने सांगितलं. "ती म्हणते, फार चांगलं केलंत. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंच."

"बघ! मऊ पडली." पाऊणशेठ पुढे सरकला. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग दिसला. ज्या खेळात आपल्याला काही कळतं असा खेळ अखेर त्याच्या समोर आला होता.

"ती विचारतेय, शिट्टीची तब्येत कशी आहे सध्या? श्वासाचा त्रास वाढलाय का?"

"सांग, तब्येत तशी बरी आहे. आम्हाला काही घाई नाही."

धाकटीने फोनवर तळवा ठेवला. "भाऊजी! काल ताई तिला पहाटेपर्यंत उभी धरून बसली होती."

"अगं, गरज दाखवली की भाव चढतो. मी जन्मभर केलं काय मग? तू तिकिटं विकतेस, तुला नाही कळायचं. बोल."

धाकटी बोलली. बोलताना तिने त्याच्याकडे पाठ केली. "ती टाइप करतेय काहीतरी," ती हळूच म्हणाली.

"करू दे. आता शेवटचं सांग. पाऊणात जमत असेल तर उद्या पैसे पाठवतो. नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो."

"हे मी सांगणार नाही."

"धाकटे, माझ्या मुलीच्या डोक्यावरचं छप्पर वाचवतोय मी. सांग."

धाकटीने सांगितलं. पलीकडून दोन-तीन वाक्यं आली, अगदी गोड आवाजात. मग काहीच नाही.

"काय म्हणाली?"

"कळवल्याबद्दल आभार. मुलीला शुभेच्छा."

"आणि?"

"आणि ठेवला."

पाऊणशेठ सोफ्याला टेकला, पाय लांब केले. "आता बघ. आपण दारापर्यंत आलो. आता हाक येणार. आणि ताईला इतक्यात काही बोलू नकोस, एकदम आकडाच सांगू तिला."

फोन त्याने दुकानातल्या सगळ्यात चांगल्या टेबलाच्या मधोमध ठेवला. गिऱ्हाईक आलं तर त्या टेबलावर हात टेकू देईना. पहिल्या दिवशी त्याने हिशेब केला, बाई एकटी ठरवणार नाही, वर विचारावं लागेल. दुसऱ्या दिवशी, मोठं दुकान आहे, हाक मारायलाही वेळ लागतो. मग त्यांची सुट्टी असेल असं वाटलं. एकदा शेजारच्याचा फोन मागून त्याने स्वतःच्या फोनवर लावून पाहिला, वाजतो की नाही. वाजला. धाकटी रोज संध्याकाळी विचारायची, "भाऊजी, मी परत लावू?" आणि तो म्हणायचा, "वेडी की काय! आपण लावला तर मेलो."

एकदा फोन खरंच वाजला. पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, आपल्या कुटुंबाच्या आरोग्यासाठी आमच्याकडे एक विमा योजना आहे." पाऊणशेठने त्याला ज्या शिव्या घातल्या त्या ऐकून समोरच्या दुकानातला जावई उठून आला.

हा जावई म्हणजे बाजारातला दुसरा मोठा व्यापारी आणि पाऊणशेठचा जुना चेला. कुठल्याही दुकानात शिरला की सासरी आल्यासारखा चांगल्या खुर्चीत बसायचा आणि काही पदरात पडल्याशिवाय उठायचा नाही, म्हणून तो जावई.

"कुणाची हाक ऐकतोयस रे?" जावयाने विचारलं.

"परदेशातली."

"किती वेळ झाला दारात उभा राहून?"

पाऊणशेठने फोन जरा जवळ ओढला. सकाळपासून हवेत गारवा होता आणि तो सारखा घराच्या दिशेने कान देत होता, जणू दोन गल्ल्या ओलांडून शीळ ऐकू येणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको दुकानात आली ती कामावरच्या निळ्या कोटातच. तिला त्या वेळी इथे यायचं कारण नव्हतं. ती कपाटांच्या मधून सरळ चालत आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"मी व्हिसाच्या खिडकीवर गेले होते. त्यांनी खात्री करायला हॉस्पिटलला विचारलं. तिथे शिट्टीच्या नावावर तारीखच नाही."

पाऊणशेठ म्हणाला, "असं करतात ते. दाबायला."

"काय दाबायला? कोण दाबायला?"

त्याने सांगितलं. सांगताना आधी त्याचा आवाज ठीक होता. दोन ठिकाणी विचारल्याची थाप सांगताना तर तो किंचित हसलासुद्धा. "घाई नाही" या शब्दांवर आल्यावर मात्र त्याला स्वतःचंच बोलणं परक्या माणसाचं वाटायला लागलं, आणि ते वाक्य त्याने अर्धंच सोडलं.

बायकोने आरडाओरडा केला नाही. ती समोरच्या मोडक्या खुर्चीवर बसली, खुर्ची डुगडुगली, तरी ती तशीच बसली.

"आमच्या दुकानात माणसं येतात," ती म्हणाली. "पाकीट उलटं करून भाव वाचतात. कुणाला परवडतं, कुणाला नाही. ज्याला परवडत नाही तो पाकीट परत ठेवतो आणि जातो. दारात थांबत नाही, अहो. तो जातो. आम्ही हाक मारत नाही, कारण मागे रांग असते. आम्ही पुढच्याला विचारतो, तुम्हाला काय हवं."

पाऊणशेठची नजर टेबलावरच्या फोनकडे गेली.

"आपण पाकीट परत ठेवलंय," ती म्हणाली. "लावा फोन."

धाकटी ऑफिस टाकून आली. या वेळी तिघं होते. तिकडची बाई मागच्याच गोड आवाजात बोलली, आणि धाकटी एकेक वाक्य खाली ठेवत गेली, जसं काचेचं सामान उतरवतात.

"ती म्हणते, तुम्ही सांगितलंत घाई नाही, दुसरीकडे बघताय. म्हणून ती तारीख त्यांनी दुसऱ्या मुलाला दिली. यादीत तो वाट बघतच होता... ती म्हणते, माफ करा, पण आम्ही घरच्यांचा शब्द खरा धरतो."

"पुढची तारीख?" बायको म्हणाली.

"थंडी संपल्यावर."

धाकटीच्या हातातल्या फोनमधून "हॅलो? हॅलो?" ऐकू येत राहिलं.

"सांग तिला," पाऊणशेठ म्हणाला, "की मी खोटं बोललो. सांग, मुलीला श्वास घेता येत नाही. सांग तिला, रात्री आम्ही दोघं पाळीपाळीने जागतो. हे सगळं सांग." त्याच्या कपाळाची शीर उठली होती. "सांग, मी व्यापारी आहे, मला एवढंच येतं."

धाकटीने यातलं किती सांगितलं कुणास ठाऊक; ती स्वतः रडत होती. पलीकडची बाई बराच वेळ ऐकत होती. मग तिने जे सांगितलं ते असं. डॉक्टरांचं नवं पत्र हवं, ज्यात मुलगी खरंच किती आजारी आहे ते लिहिलेलं असेल. पूर्ण पैसे आधी जमा हवेत, एक पैही कमी नाही. आणि मग एखाद्या मुलाची तारीख अचानक मोकळी झाली, तर निरोप येईल. तेव्हा चार दिवसांत तिथे पोचावं लागेल. मोकळी होईलच असं नाही.

पत्र कशाला हवं ते ऐकून डॉक्टरांनी ते उभ्या उभ्याच लिहून दिलं. लिहिताना एकदाच वर बघितलं आणि विचारलं, "घाई नाही असं त्यांना सांगितलं कुणी?" पाऊणशेठ जमिनीकडे बघत म्हणाला, "मी." डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही, त्यामुळे तो आणखीनच गाडला गेला.

राहिला तो पाव हिस्सा. पाऊणशेठ जावयाकडे गेला नाही. जावयालाच त्याने बोलावून घेतलं, कारण आपल्या दुकानात भाव आपला असतो हे त्याच्या हाडात होतं. जावई येऊन नेहमीसारखा चांगल्या खुर्चीत बसला. पाऊणशेठने मोडक्या टेबलाबद्दल बोलायला सुरुवात केली, पण जावई हसला.

"ते टेबल मला कशाला दाखवतोस? ही युक्ती मला तूच शिकवलीस. दुकान विकायचंय ना?"

"विचार करतोय."

"किती?"

पाऊणशेठने आकडा सांगितला, त्यात सवयीने वर थोडं घातलं. जावयाने सवयीने निम्मं केलं. मग दोघं चार वेळा वर-खाली झाले, कपाटांच्या लाकडाला नावं ठेवली गेली, छताच्या गळतीचा विषय निघाला, आणि एका जागी सौदा अडला. जावई गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"राहू दे. दुसरीकडे बघतो."

आणि सावकाश दाराकडे निघाला. एकेक कपाट ओलांडत. दाराशी जाऊन चप्पल शोधायला लागला, जी त्याच्या पायाशीच होती.

पाऊणशेठच्या हातात धूळ पुसायचं फडकं आपोआप आलं होतं. तोंड मिटून दोन घटका काढल्या तर जावई वळणार, हे त्याला स्वतःच्या नावापेक्षा पक्कं ठाऊक होतं. त्यानेच शिकवलं होतं ते. जावयाने एका चपलेत पाय घातला. मग दुसऱ्या. तो खरंच वळेल? रांगेत मागे कोण उभं आहे, हे कधी कुणाला दिसतं का?

"थांब!" पाऊणशेठ ओरडला. "अरे थांब, जाऊ नकोस! ये, बस!"

बाजारातल्या दोन-तीन दुकानांतून माणसं बाहेर डोकावली. जावई दारात वळला. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद दिसायला हवा होता, पण तो घाबरलेला दिसत होता, जशी आपल्यासमोर मोठ्या माणसाच्या धोतराची गाठ सुटावी.

"हाक काय मारतोस?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी वळणारच होतो."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मला एवढे कमी पडतात." पाऊणशेठने आकडा सांगितला. या वेळी वर काही घातलं नाही.

"हा खरा आकडा?"

"खरा."

जावई परत येऊन बसला, या वेळी चांगल्या खुर्चीत नाही, स्टुलावर. खऱ्या आकड्याशी काय करायचं असतं हे त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं. बराच वेळ तो बोटांनी काहीतरी मोजत बसला. शेवटी म्हणाला, "देतो. माल, गाळा, पाटी, सगळं माझं." आणि थोडं थांबून, ओशाळत, "थोडे कापतो हं. अगदी थोडे. सवय आहे रे."

त्याने खरंच थोडे कापले. तेवढे बायकोने तिच्या मालकाकडून पगारातले उचलले. दुसऱ्या दिवशी पूर्ण आकडा समुद्रापलीकडे गेला, एक पैही कमी नाही, आणि पाऊणशेठ आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या हातांनी घरी बसला.

मग पुन्हा वाट बघणं आलं. फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता, बॅगा दाराशी भरून होत्या. थंडी पडली. शिट्टीच्या नाकातून पाणी यायला लागलं त्या दिवशी बायको कामावर गेली नाही. शीळ आधी चढली, मग खरखरली, मग तिचा बारीकसा दोरा उरला. मुलगी बोलायची थांबली. मान हलवून हो-नाही सांगायची. दोघं नवराबायको एकमेकांशी बोलत नसत, कारण बोललं तर शीळ ऐकू यायची नाही. पाऊणशेठला एक गोष्ट सारखी सुचायची आणि तो ती गिळायचा. फोन कधी वाजेल? कुणाची तरी तारीख मोकळी होईल तेव्हा. म्हणजे आपण बसून नक्की कशाची वाट बघतोय? घरं रिकामी करायला त्याला कितीदा बोलावणं आलं होतं. पलंग, कपाटं, कधीकधी लहान मुलांची खाटही. त्याने कधी विचारलं नव्हतं की ही आता का नको. स्वस्तात मिळते तेव्हा विचारायचं नसतं.

फोन वाजला तेव्हा दुपारची वेळ होती. धाकटीचा होता, तिच्या दुसऱ्या फोनवर तिकडची बाई होती.

"भाऊजी, त्यांचा फोन आलाय. ती म्हणते..."

"हो म्हण."

"अहो, आधी ऐका तर, मी अजून सांगितलंच नाही ती काय..."

"हो म्हण, धाकटे! जे असेल त्याला हो म्हण!"

धाकटीचा "येस, येस" असा आवाज दुरून आला. मग ती परत आली. चार दिवसांत पोचायचं, तिकिटं ती बघते, ऑक्सिजनची सोय विमानात करता येते, व्हिसाचं पत्र ते आजच पाठवताहेत. सगळं सांगून झालं आणि ती थांबली.

"ताई तिथे आहे का?"

"आहे. ऐकतेय."

"ही तीच तारीख आहे. आपलीच. आधीची."

बायकोने टेबलाची कड धरली. म्हणजे तो मुलगा. यादीत वाट बघत होता तो. आपण ज्याला आपली जागा देऊन आलो तो.

"का मोकळी झाली?" ती म्हणाली. "विचार ना, धाकटे. का?"

"विचारू?" धाकटी म्हणाली. ती कुणाला विचारत होती ते कळलं नाही.

पाऊणशेठने बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "विचार."

पलीकडे थोडं बोलणं झालं. "घरच्यांची माहिती त्यांना देता येत नाही," धाकटी म्हणाली. "पण तिचा आवाज..." आणि तिने पुढचं वाक्य सोडून दिलं.

बायको आतल्या खोलीत गेली. पाऊणशेठ तिच्यामागे गेला. शिट्टी उशांना टेकून बसली होती, ओठांचा रंग नीट नव्हता, पण डोळे टक्क उघडे होते. बाहेरचं तिने ऐकलं होतं. त्याने खाली बसून तिचे मोजे हातात घेतले आणि तिच्या पायांत घालायला लागला, जणू विमान दाराशीच उभं होतं.

तिने त्याच्या बाहीला ओढलं. एक श्वास घेतला, मग दुसरा, तीन शब्दांइतकी हवा साठवली.

"किती कमी केले?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "सगळे दिले."

शिट्टीने त्याच्याकडे पाहिलं, जसं मोडकी खुर्ची पूर्ण भावाने घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो स्वतः बघत आला होता. मग तिने डोळे मिटले. दोघं वाकून ऐकायला लागले. शीळ होती. बारीक होती, पण होती. पाऊणशेठने दुसरा मोजा उचलला.